घरी धुये, कागदावर धुळे

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून शाळेतून फोन आला तेव्हा मी मेकअपच्या खुर्चीत होते. बातमीपत्राला वीस मिनिटं उरली होती. ‘लिहिते’ म्हणून फोन ठेवला आणि डोळ्यांपुढे आला तो परिपाठाचा ओटा. कडुनिंबाखालचा, एका कोपऱ्यात फुटलेला. माझं पहिलं बातमीपत्र मी तिथे वाचलं.

मी 1998 च्या दहावीच्या तुकडीतली. पांझरेकाठच्या खेड्यातून यायचे, पावसाळ्यात चपला हातात घेऊन. आपल्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि शेवटी बातम्या असत. बातम्या वाचण्याचा मान नववीच्या मुलांचा. मराठीच्या सरांनी मला सहावीतच उभं केलं, कारण आमच्या घरी चालू स्थितीतला ट्रान्झिस्टर होता. सकाळी 7:05 ला पुणे आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लागत. सुधा नरवणे यांचा आवाज आला की माय चुलीपुढचा आवाज कमी करायची, आबा विडी विझवायचे. मी वहीच्या मागच्या पानावर भराभर टिपून घ्यायचे.

पहिल्याच दिवशी मी ‘धुये जिल्ह्यात’ असं वाचलं. आमच्या अहिराणी बोलीत धुळ्याला ‘धुये’च म्हणतात, त्यामुळे आम्ही खेड्यांतली मुलं गप्प होतो, आम्हाला त्यात वेगळं काही वाटलंच नव्हतं. बाजारपेठेतली आणि सरकारी क्वार्टरमधली मुलं मात्र मोठ्यानं हसली. मी ओट्यावरून उतरले ती थेट मुलींच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.

त्या दिवशीचा व्याकरणाचा तास सरांनी बाजूला ठेवला. फळ्यावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं ‘घरी’, उजवीकडे ‘कागदावर’. एकेकानं उठायचं, आपल्या गावाचं किंवा मामाच्या गावाचं नाव आधी आजी म्हणते तसं म्हणायचं, मग सातबाऱ्यावर असतं तसं. धुये, धुळे. जयगाव, जळगाव. अमयनेर, अमळनेर. पिंपयनेर, पिंपळनेर. सकाळी हसलेल्यांपैकीही दोघातिघांच्या आज्या ‘धुये’च म्हणणाऱ्या निघाल्या. फळा भरल्यावर सर म्हणाले, “डावीकडचं कोणी पुसायचं नाही. बातमी वाचताना मात्र उजवीकडचं वाचायचं.” तो फळा आठवडाभर तसाच राहिला. बाकीच्या विषयांच्या शिक्षकांनी खालच्या हातभर जागेत शिकवलं आणि त्यावर कोणी तक्रार केली नाही, याचं मला आज जास्त अप्रूप वाटतं.

मग मधल्या सुट्टीत माझी ‘ळ’ची शिकवणी सुरू झाली. जीभ वळवून टाळूला लावायची आणि झटक्यात सोडायची. ‘कोळपणी’ हा शब्द त्यांनी माझ्याकडून शंभर वेळा तरी म्हणून घेतला असेल, कारण त्यात ‘ळ’ही आहे आणि ‘ण’ही, आणि घरी आम्ही ‘कोयपनी’ म्हणायचो. डब्यातली कळण्याची भाकरी खाता खाता हे चालायचं. सर म्हणायचे, घरी गेलीस की ‘कयनानी भाकर’च माग, नाहीतर माय वाढायची नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, तरी त्यांच्या कविता 1952 साली पुस्तकात छापून आल्या आणि त्यांच्या बोलीतले शब्द तसेच ठेवून आल्या, हेही त्यांनीच सांगितलं. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी स्मिता सिनेमात जाण्याआधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचायची, हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. खान्देशातल्या घरची मुलगी आणि टीव्हीवर बातम्या! जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यापुढे बसायची असं सांगतात. मी मायचं लुगडं फ्रॉकवर गुंडाळून बसून पाहिलं.

30 सप्टेंबर 1993. पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढचे कितीतरी दिवस परिपाठात तीच बातमी होती. आकडा रोज वाढायचा आणि मी तो रोज वाचायचे. एके दिवशी तो एका दमात वाचून मी पुढच्या क्रिकेटच्या बातमीवर गेले. सरांनी हात वर करून थांबवलं. सगळ्या शाळेसमोर मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली आणि आकड्यानंतर स्वतः मनात तीनपर्यंत मोजलं. कोणी हललं नाही. “आता क्रिकेट वाच,” एवढंच म्हणाले. नंतर वर्गात नकाशा लावून लातूर, उमरगा, औसा दाखवलं आणि तिथल्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती रात्री झोपेतल्या माणसांवर कशा कोसळल्या ते समजावून सांगितलं. तीन मोजायची ती सवय मला अजून आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. जळगावला कॉलेज, तिथेच आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून काही महिने, मग हैदराबाद. 2000 साली ई टीव्ही मराठी सुरू झाली आणि बातम्यांत काम करायची इच्छा असलेल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मुलामुलींना मुंबईशिवाय दुसरं एक दार उघडलं. 2007 पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या, तेव्हा मी मुंबईत आले. वाहिन्या बदलल्या, काम तेच राहिलं. समोर प्रॉम्प्टरच्या काचेवर अक्षरं वर सरकत असतात, कानात टॉकबॅकवरून निर्माता पुढचं सांगत असतो, आणि तोंडानं आपण मागची ओळ पूर्ण करत असतो. प्रॉम्प्टर पडला तर टेबलावरचे कागद. ब्रेकिंग आली तर कागदही नाही.

सुरुवातीच्याच दिवसांत एका बातमीपत्रात प्रॉम्प्टरवर ‘पिंपलनेर’ आलं आणि मी तसंच वाचलं. बातमी हिंदीतून उतरवून घेतलेली होती. हिंदीच्या लिखाणात ‘ळ’ येत नाही, तिकडे आपलं जळगावही ‘जलगाव’ होतं. रात्री आबांचा गावच्या एसटीडी बूथवरून फोन आला. साक्री तालुक्यातलं पिंपळनेर म्हणजे मायचं माहेर. आबा रागावले नाहीत. म्हणाले, “बाई, मायना माहेरनं नाव चुकनी तू.” माय बाजूलाच उभी होती, ती फोनवर आलीच नाही. ते मला फार लागलं. गल्लीभर ‘मनी अंडेर टीव्हीमा बोलस’, माझी लेक टीव्हीवर बोलते, असं सांगणारी माय त्या रात्री शेजारी काय ऐकत असेल, हा विचार पहाटेपर्यंत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक पानाच्या मधोमध रेघ ओढली. घरी, कागदावर. आधी खान्देशातले तालुके, मग गावं. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांनी कोकणातली, चंद्रपूर-गडचिरोलीकडची नावं भरली. वार्ताहराचा फोन आला की बातमीआधी मी गावाचं नाव विचारायचे, त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्यायचे. काहींना याचा कंटाळा यायचा. ज्या गावावर पूर आला आहे त्याचं नाव तरी त्या गावानं ओळखावं असं उच्चारलं पाहिजे, यावर मी कधी मागे हटले नाही.

1 जुलै 2018 ला त्याच पिंपळनेरजवळच्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी जमावानं पाच माणसांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं होती, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारलं. प्रॉम्प्टरवर ‘रेनपाडा’ असं आलं होतं. मी राईनपाडा वाचलं. ‘पाच जणांचा मृत्यू’ म्हटलं आणि मनात तीन मोजले. कानात “पुढे, पुढे” सुरू झालं. मी मोजून झाल्यावरच पुढे गेले.

त्या बातमीनं मला जितकं हलवलं तितकं दुसऱ्या कशानंही नाही. माझ्या आजोळच्या शिवारात, माझ्याच बोलीत बोलणाऱ्या माणसांनी हे केलं होतं. त्यांच्या हातातल्या मोबाइलवर जे आलं तेही त्यांना बातमीच वाटलं होतं. आपल्या ओट्यावर सर रोज विचारायचे, “हे कुठून घेतलंस? कोणी सांगितलं?” ट्रान्झिस्टरवर ऐकलं असेल तर तसं सांगावं लागायचं, गावात ऐकलेलं असेल तर ते वाचता यायचं नाही. सहावीच्या मुलीला लावलेला हा नियम त्या दिवशी राईनपाड्यात एकानं जरी पाळला असता तर, असं मला राहून राहून वाटतं.

7 जून 2022 ला प्रदीप भिडे गेले. 1974 पासून दूरदर्शनवर घुमलेला तो आवाज. आम्ही सगळे त्यांच्याकडूनच ऐकत ऐकत शिकलो. दीड महिनाही झाला नव्हता, तर 18 जुलैला इंदूरहून अमळनेरला येणारी एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. मृतांचा आकडा सकाळभर बदलत होता, शेवटी 12 मृतदेह मिळाले. फ्लॅशवर ‘अमलनेर’ होतं. मी वाचायच्या आधीच आमच्या प्रॉम्प्टर चालवणाऱ्या मुलानं ते दुरुस्त केलं. तो विदर्भातला आहे, अमळनेर त्यानं कधी पाहिलेलं नाही. वहीत पाहिलं म्हणाला.

ही वही आता जीर्ण झाली आहे. तिची एक प्रत मी नव्या वहीत उतरवली आणि मूळ वही या स्मरणिकेच्या निमित्तानं शाळेच्या वाचनालयाला देते आहे. धुळे आणि जळगाव जिल्ह्याची पानं बरीचशी भरली आहेत. नंदुरबारकडची, अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांची पानं अर्धी कोरी आहेत. डावा रकाना तर जवळजवळ रिकामाच आहे. शाळेत आता तिकडची मुलं शिकायला येतात असं ऐकते. आपल्या पाड्याचं नाव आजी कसं म्हणते, ते त्यांनी स्वतःच्या हातानं तिथे लिहावं. पेन्सिलनं नको, शाईनं.