पत्रिका सांभाळून डबे

नागपुरातल्या महाल भागातला आमचा छापखाना लग्नपत्रिकांवर चालतो. आजोबा अक्षरांचे खिळे जुळवायचे, बाबांनी ऑफसेट आणलं. तुळशीचं लग्न लागलं की कामाची रीघ लागते, चातुर्मासात मशीन थंडावतं. पण गेल्या काही वर्षांत पाचशे पत्रिका छापणारं घर दीडशेवर आलं, बाकीची आमंत्रणं व्हॉट्सॲपवर जातात. नागपुरात संत्रा बर्फीची दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येकाला डबा लागतो. म्हणून मी मिठाईच्या डब्यांत उतरायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "हातचं काम सोडून हे काय करून राह्यला बे तू?"

पहिलं वर्ष वाया गेलं. मशीन तेच, माणसं तीच. डब्याचा नमुना लावायला घ्यावा, तेवढ्यात पत्रिकेचं गिऱ्हाईक दारात उभं. लग्नाची तारीख सरकत नाही, नमुना सरकतो. मशीनवरचे काका दर वेळी पत्रिका आधी घ्यायचे, आणि दर वेळी त्यांचंच बरोबर असायचं. त्या बरोबर निर्णयांची बेरीज अशी झाली, की एका मिठाईवाल्यानं दोन महिने वाट पाहून दुसरीकडे डबे करायला टाकले. मला फार लागलं ते.

धाकटी बहीण तेव्हा एमबीए करत होती. तिच्या टिपणांत संस्था कशा शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या जेम्स मार्च यांचा 1991 चा लेख भेटला. त्यांचं म्हणणं असं, की असलेल्या कौशल्यातून मिळणारी कमाई खात्रीची, जवळची आणि लवकर हाती येणारी असते; नव्या शोधाची कमाई लांबची आणि बेभरवशाची. म्हणून संस्था आपोआप जुन्याकडे कलते. आमचा गल्लाच त्यांनी पाहिला होता की काय, असं वाटलं. पत्रिकेला आगाऊ रक्कम मिळते. डब्याला आधी डायचे, म्हणजे डब्याचा आकार कापणाऱ्या साच्याचे पैसे, मग फेकलेले नमुने, मग उधारी.

त्याच टिपणांत टशमन आणि ओ'रायली या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांची 1996 ची मांडणी होती: नवं काम वेगळ्या गटाकडे द्या, पण वरच्या पातळीवर दोन्ही एका हातात ठेवा. मी मागचं गोदाम रिकामं केलं, डायनं डबा कापणारं जुनं पंचिंग मशीन घेतलं, दोन माणसं तिथं बसवली. त्यांची खातेवही वेगळी. हिशेब महिन्याला नाही, दिवाळी उलटल्यावर. पुढच्या खोलीत हजारामागे रद्दी किती गेली ते विचारायचं, मागच्या खोलीत किती नमुने केले आणि दुकानदारानं का नाकारले ते. कटिंग मशीन मात्र एकच, म्हणून सकाळी अकरापर्यंत ते मागच्या खोलीचं. ऐन लग्नसराईत यावरून खूप वाद झाले. एकदा बाबांच्या जुन्या गिऱ्हाइकाला अकरापर्यंत थांबवावं लागलं. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका पोरानं. उन्हाळ्यात डब्याचा बोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, घडीवर तडकायचा. पंचेचाळीस डिग्रीत हवा इतकी कोरडी, की क्रीज, म्हणजे घडीची रेघ, मारली की वरचा थर फाटायचा. डाय बदलली, दाब कमी केला, काही उपयोग नाही. आमच्याकडे एक पक्का नियम: कागदाला कूलर लागू द्यायचा नाही. ओलाव्यानं कागद ताणतो आणि रंग एकमेकांवर बसत नाहीत. पत्रिकेसाठी हे अगदी खरं. मागच्या खोलीत नुकत्याच लागलेल्या पोराला हा नियम कुणी सांगितलाच नव्हता. छापून झालेल्या बोर्डाचे गठ्ठे त्यानं रात्रभर कूलरच्या खोलीत ठेवले, कारण जागा तिथंच होती. सकाळी पंचिंग केलं. एकही घडी तडकली नाही.

मार्च यांच्या त्याच लेखात हेही होतं: माणसं संस्थेची रीत फार लवकर शिकली, की संस्थेला त्यांच्याकडून शिकायला काही उरत नाही, सावकाश शिकणारे आणि नवे आलेले तिला पुढं नेतात. वाचताना मी त्यावरून पटकन पुढं गेलो होतो. काकांना बोलावून डबे दाखवले. ते बराच वेळ घडी उघडून मिटून पाहत राहिले आणि म्हणाले, "छापाई झाल्यावर ओल लागली तर रंग कशाला हलते, बरोबर हाय पोराचं." त्या दिवसापासून काका स्वतः मागच्या खोलीत येऊ लागले.

आता काही दुकानांचे डबे नियमित जातात, आणि पत्रिकाही चालू आहेत. परवा तो पोरगा एका कारागिराला सांगत होता, "आपल्याइथं असंच करतेत." ते ऐकून मी आषाढात आणखी एक नवा मुलगा घेतला. पंचिंगवर हात कसा जपायचा तेवढं पहिल्या दिवशी शिकवलं. बाकी महिनाभर त्याला काही सांगायचं नाही, त्याचे प्रश्न वहीत लिहून घ्यायचे, असं दोन्ही खोल्यांना बजावलं आहे. वहीची चार पानं भरलीत.