किकची नोंद : वन ड्रॉप आणि रिकामी सम

ड्रमसेटच्या सरावाच्या मागच्या नोंदीत लिहिलं होतं की फोर ऑन द फ्लोर हा ठेका १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) पाच मिनिटं न थकता जमायला लागलंय. डिस्कोतला तो ठेका चारही मात्रांवर किक, म्हणजे पायाने पेडल दाबून मोठ्या ड्रमवर दिलेला ठोका, मागतो, त्यात पायाला विचार करावा लागत नाही. या महिन्यात रेगे संगीतातला वन ड्रॉप हा ठेका घेतला आणि पाय अडला.

वन ड्रॉपमध्ये पहिल्या मात्रेवर किक नसते. ती थेट तिसऱ्या मात्रेवर पडते, स्नेअरच्या (हाताने वाजवायच्या छोट्या ड्रमच्या) रिमवर, म्हणजे कडेवर, पडणाऱ्या काठीसोबत. वाचायला सोपं आहे. पण मी धुळ्याचा. लग्नसराईत गल्लीतून वरात निघाली की बँडमधल्या मोठ्या ड्रमचा ठोका आधी खिडकीच्या काचांत यायचा, गाणं मागून ऐकू यायचं. लहानपणापासून अंगात एवढंच मुरलंय की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आली की दणका द्यायचा. ७० बीपीएमला दोन आवर्तनं बरोबर जायची आणि तिसऱ्याला पाय आपोआप पहिल्या मात्रेवर आपटायचा. तीन आठवडे हेच चाललं.

मग एका दुपारी आप्पा, माझे आजोबा, खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "रूपक ताल म्हण." त्यांनी गावच्या भजनात वर्षानुवर्षं तबला धरलाय.

"आप्पा, हे चार मात्रांचं आहे."

"ऱ्हाऊ दे. तोंडानं म्हण."

तीं तीं ना धी ना धी ना. सात मात्रा, आणि 'खाली', म्हणजे तालातली बिनजोराची जागा, समेवरच! डग्ग्याची (तबल्याच्या डाव्या, खर्जातल्या भांड्याची) घुमक येते ती थेट चौथ्या मात्रेला. पहिल्या तिन्ही उजव्या हातावर निघतात, तरी सम कुठे आहे याची शंका कुणालाच येत नाही.

माझी चूक तिथे सापडली. मी पहिल्या मात्रेवर पाय रोखून धरत होतो, आणि रोखलेला पाय कधी ना कधी सुटतोच. आता पहिलीला तोंडाने 'तीं' म्हणतो, हाय-हॅट (झांजांची जोडी) तिथे किंचित जोरात, आणि तिसरीला 'धा' म्हणत किक. सहा दिवसांत ७२ बीपीएमला सलग चार मिनिटं एकही चूक नाही. काल 'तीं' मनातल्या मनात म्हणून पाहिलं, तरी टिकलं.

आवाजाचंही थोडं. माझा किकचा ड्रम २२ इंची. आत आजीची जुनी गोधडी दोन्ही हेडना (दोन बाजूंच्या पडद्यांना) जेमतेम टेकेल अशी ठेवली, तेव्हा कुठे तो जड, बुटका आवाज मिळाला. उशी कोंबल्यावर तो पुठ्ठ्यासारखा वाजत होता. बीटर, म्हणजे पेडलचा गोळा, हेडवर दाबून न ठेवता लगेच परत येऊ दिला की खालचा सूर मोकळा होतो. जॅझमधलं फेदरिंग, म्हणजे चारही मात्रांवर जेमतेम जाणवेल इतकी हलकी किक, या ड्रमवर मला अजून साधत नाही. त्यासाठी १८ इंची ड्रम हवा असं वाटतंय.

पुढचा महिना ब्राझीलच्या सांबाचा. तिथल्या सुर्दोंमध्ये, म्हणजे मोठ्या ड्रममध्ये, सगळ्यात खोल आवाजाचा जो असतो, त्याचा ठोका दुसऱ्या मात्रेवर पडतो. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "आधी टाळीनं दाखव." उद्यापासून टाळ्या.