एकोणपन्नास काड्या

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे समितीचे पत्र आले, तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर दुसरे कोणी येतच नाही. मी सरांविषयीच लिहिणार आहे. त्यांचे नाव लिहिण्याची गरज नाही. माझ्या पिढीत नुसते 'सर' म्हटले की गणिताचे सरच समजत असत.

सांगलीत बुद्धिबळाचे वातावरण भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे पूर्वीपासूनच होते, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत सर आमच्यासाठी पट मांडत. मी आठवीत असतानाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी आंतरशालेय सामने होते आणि माझ्या एका वर्गमित्राने अगदी काकुळतीला येऊन विचारले, "सर, मी उद्या जिंकेन का?" सरांनी त्याला धीर दिला नाही की रागावलेही नाहीत. त्यांनी शिपाईमामांकडून नवा खराटा मागवला, त्याचे पन्नास हीर मोजून सारख्या लांबीचे तोडून घेतले आणि म्हणाले, "चिनी लोक हा प्रश्न कसा विचारत, ते पाहू."

त्या दुपारी आम्ही 'यी जिंग' या प्राचीन चिनी शकुनग्रंथाचे नाव प्रथम ऐकले. चीनमध्ये त्यासाठी एका रानवनस्पतीचे वाळलेले देठ वापरत, आमच्याकडे खराटा होता. पन्नासांपैकी एक काडी बाजूला ठेवायची. उरलेल्या एकोणपन्नासांचे न मोजता दोन ढीग करायचे, उजव्या ढिगातली एक काडी काढून घ्यायची, मग दोन्ही ढीग चार-चारने मोजून शेवटी उरलेल्या काड्या बाजूला करायच्या. बरोबर चारच उरल्या तर त्या चारही. ढिगांतल्या बाकीच्या काड्या एकत्र करून हेच आणखी दोनदा करायचे. अखेरीस हातात ३६, ३२, २८ किंवा २४ काड्या राहतात. त्यांना चारने भागले की ९, ८, ७ किंवा ६ येतात. विषम आकडा आला तर सलग रेष, सम आला तर मध्ये तुटलेली. शिवाय ९ आणि ६ या 'बदलणाऱ्या', म्हणजे सलगची तुटलेली आणि तुटलेलीची सलग होणाऱ्या रेषा. अशा सहा रेषा खालून वर रचल्या की एक आकृती होते आणि अशा आकृत्या एकूण ६४.

मित्राची आकृती पूर्ण झाली, पण तिचा अर्थ सरांनी सांगितला नाही. त्यांनी विचारले, "सहा क्वचित का येतो?"

आम्ही पुढचे तीन शनिवार मोजत बसलो. पहिल्या फेरीत बाजूला पडणाऱ्या काड्या पाच किंवा नऊच असतात आणि नऊ पडण्याची शक्यता चारात एक. पुढच्या दोन फेऱ्यांत चार आणि आठ यांची शक्यता समसमान. एवढे कळल्यावर कागदावर सगळे उलगडले. सोळांपैकी सहा एकदा, सात पाचदा, आठ सातदा, नऊ तीनदा. म्हणजे सलग आणि तुटलेली रेष येण्याची शक्यता आठास आठ, अगदी समान. मात्र सलग रेष बदलणारी निघण्याची शक्यता तुटलेलीच्या तिप्पट. वरून समतोल दिसणाऱ्या रीतीच्या पोटात दडलेली ही विषमता स्वतःच्या हाताने शोधल्याचा आनंद मला पुढे कोणत्याही पदवीने दिला नाही.

पटाशी असलेला संबंध सरांनी त्यानंतर दाखवला. तुटलेली रेष म्हणजे शून्य, सलग म्हणजे एक, असे धरले की खालच्या तीन रेषांनी पटावरची आडवी ओळ ठरते, वरच्या तीन रेषांनी उभी, आणि प्रत्येक घराला एक आकृती मिळते. अकराव्या शतकातील चिनी विचारवंत शाओ युंग यांच्या नावाने ओळखली जाणारी चौरस मांडणी अशीच आहे. मग घराचा रंग? सहापैकी फक्त तिसरी आणि सहावी रेष पाहावी. दोन्ही सारख्या असल्या तर काळे घर, वेगळ्या असल्या तर पांढरे. घोडा अडीच घरे चालतो तेव्हा या दोन रेषांपैकी नेमकी एक बदलते, म्हणून त्याच्या घराचा रंग दर चालीला पालटतो. मराठीच्या तासाला पाठ केलेले 'यमाताराजभानसलगा' हेही लघु-गुरूंच्या आठ त्रिकांचेच सूत्र आहे, हे त्यांनी त्याच दिवशी फळ्यावर लिहून दाखवले.

तरीही सर साम्याला उगम मानत नसत. लायब्निट्स या जर्मन गणितज्ञाची शून्य आणि एक यांवर चालणारी द्विमान पद्धती १६७९ सालापर्यंत तयार होती. बीजिंगहून बुव्हे या धर्मोपदेशकाने पाठवलेली ६४ आकृत्यांची मांडणी त्याच्या हाती १६०३ नव्हे, १७०३ साली पडली, हे ते शंभर वर्षांच्या फरकावर बोट ठेवून सांगत, कारण आमच्यातल्या एकाने सन चुकवला होता. चिनी बुद्धिबळ तर ६४ घरांवर खेळतच नाहीत. त्याची मोहरी नऊ उभ्या आणि दहा आडव्या रेषांच्या नव्वद छेदबिंदूंवर बसतात. चौसष्ट हा आठाचा वर्ग आहे आणि दोनाचा सहावा घातही आहे, म्हणून तो दोन्हीकडे भेटतो, एवढेच ते ठामपणे म्हणत.

आज मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संभाव्यताशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी पहिल्या तासाला काड्यांची जुडी घेऊन वर्गात जातो. सर हयात असताना त्यांना एकदा त्या वर्गात नेऊन बसवायला हवे होते. ते राहून गेले, याची खंत जात नाही. गेल्या वर्षी शाळेत आलो, तेव्हा पटाच्या त्या खोलीत संगणक मांडलेले दिसले. मुले शांतपणे काम करीत होती, पण दाराशी उभा असताना मला काड्या मोजल्याचा आवाज आठवत राहिला.

माझी त्या वर्षीची वही मी जपून ठेवली आहे. सोळा रकान्यांच्या त्या पानाखाली सरांनी लाल शाईने लिहिले आहे : "बेरीज जमली. आता तीन नाणी उडवून हेच कर आणि सहा व नऊ पुन्हा मोज."