१५४१ सालच्या देनारच्या शोधात: व्हिएन्ना ते क्रेमनित्सा

मूळ शिवरायीवर वर्ष नसते. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' एवढीच अक्षरे असल्यामुळे ते नाणे केव्हा आणि कोठे पाडले गेले, हे अक्षरांच्या वळणावरून ताडावे लागते. आणि पुण्याच्या जुन्या बाजारात या प्रश्नावर दोन संग्राहकांचे एकमत झालेले मी तीस वर्षांत पाहिलेले नाही. बँकेच्या नोकरीत तारखेवाचून कागद पुढे न सरकवण्याची सवय जडलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही अनिश्चितता सोसवेना, आणि निवृत्तीनंतर मी युरोपातील सोळाव्या शतकातील वर्षांकित नाण्यांकडे वळलो. गेल्या सप्टेंबरात व्हिएन्नाला भाच्याकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला, तेव्हा या नाण्यांची जन्मभूमी प्रत्यक्ष पाहावी असे ठरवले.

नाण्यावर वर्ष घालण्याची कल्पना युरोपची नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाच्या मस्तकामागे ब्राह्मी अंकांत शकवर्ष कोरण्याची पद्धत इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच होती, आणि इस्लामी नाण्यांवर हिजरी वर्ष सातव्या शतकापासून आढळते. युरोपात मात्र मध्ययुगात असे नाणे अपवादानेच निघे. पंधराव्या शतकात ही पद्धत थोडी रुळली आणि सोळाव्या शतकात ती सर्वत्र पसरली. इंग्लंडसारख्या देशातही चांदीच्या क्राउनवर आपल्या ओळखीच्या आकड्यांतले वर्ष प्रथम आले ते १५५१ मध्ये, सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत.

व्हिएन्नातील कलेतिहास संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर नाण्यांची दालने आहेत. खालच्या मजल्यावर ब्रॉयगेलच्या चित्रांपुढे उभे राहायला जागा नव्हती. वर मात्र मी, भाचा आणि एक कंटाळलेला पहारेकरी एवढेच होतो. टिरोलच्या सिगिस्मुंडने हाल येथील टांकसाळीत १४८६ साली पाडलेल्या मोठ्या चांदीच्या नाण्यापासून थालरचा वंश सुरू होतो. सोन्याच्या एका गुल्डनच्या मोलाची चांदी एकाच नाण्यात घालायची, हा त्यामागचा हिशेब होता, आणि जवळच श्वात्सच्या खाणींत चांदी विपुल असल्यामुळे तो जमला. पुढे बोहेमियातील योआखिमस्टाल या खाणीच्या गावी श्लिक सरदारांनी १५२० च्या सुमारास त्याच आकाराची नाणी मोठ्या संख्येने काढली, गावाच्या नावावरून त्यांना थालर म्हणू लागले आणि त्याच शब्दाचा पुढे डॉलर झाला. १४८६ मधील चाराचा आकडा पाहून मला गंमत वाटली. तो आजच्या इंग्रजी चारासारखा नसून वर गाठ आणि खाली दोन पाय असा असतो, म्हणजे आपला देवनागरी ४ उलटा धरावा तसा. हे अंक मुळात कोणत्या देशातून निघाले, ते त्या एका वळणावरून कळते.

थालर घेण्याची माझी ऐपत नाही, आणि खरे सांगायचे तर तेवढी ओढही नाही. थालर तिजोरीत राहिला. बाजारात फिरला तो देनार, म्हणजे हंगेरीच्या राज्याचे चांदीचे छोटे नाणे: व्यास जेमतेम दीड सेंटिमीटर, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि असे शंभर देनार म्हणजे हिशेबाचा एक फ्लोरिन. एका बाजूला राजचिन्हांची ढाल आणि दुसऱ्या बाजूला बाळ येशूला घेतलेली मेरी, तिच्या दोन्ही बाजूंना 'के' आणि 'बी' ही अक्षरे. ही अक्षरे क्योर्म्योत्सबान्या या हंगेरियन नावाची, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातील क्रेमनित्साची. साधा देनार वीस-पंचवीस युरोंत मिळतो, आणि तेथे जवळजवळ दर वर्षी नवे वर्ष घालून नाणी निघत राहिल्यामुळे एकेका वर्षाचे एकेक नाणे जमवत जाता येते.

या मालिकेचा इतिहास मराठी वाचकाला सहज लक्षात राहील असा आहे. १५२६ च्या एप्रिलात पानिपतावर इब्राहिम लोदी पडला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात मोहाचच्या रणावर सुलतान सुलेमानाच्या फौजेपुढे हरून माघार घेताना हंगेरीचा तरुण राजा दुसरा लुई मृत्यू पावला. त्याच्या गादीवर हाब्सबुर्ग घराण्यातील फर्डिनांडने हक्क सांगितला आणि क्रेमनित्साच्या देनारवर त्याचे नाव आले. १५४१ मध्ये राजधानी बुडाही तुर्कांच्या ताब्यात गेली, तरी डोंगरातली टांकसाळ चालूच राहिली. माझ्या मालिकेत नेमके हेच १५४१ चे नाणे नव्हते.

व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा तासाभराच्या अंतरावर आहे; तेथून झ्वोलेनच्या दिशेने जाणारी गाडी आणि ह्रोन्स्का दुब्रावा या स्थानकावर गाडीबदल, असा पुढचा मार्ग. छोटी गाडी वळणे घेत जंगलातून चढू लागली, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, हे तर आपल्या खंडाळ्याच्या घाटासारखंच आहे." सारखेपणा वळणांपुरताच होता, बाहेर बीचची आणि सूचिपर्णी झाडे होती आणि डब्यात आम्ही धरून पाच माणसे.

क्रेमनित्साचा मुख्य चौक उतरता आहे. वरच्या अंगाला तटबंदीच्या आत संत कॅथरिनचे चर्च, मध्ये प्लेगच्या आठवणीचा भव्य स्तंभ, आणि चौकाच्याच कडेला टांकसाळ. ती १३२८ मध्ये राजा कार्ल रॉबर्टने स्थापन केली आणि आजही चालू आहे. त्या भागात 'सोन्याची क्रेमनित्सा, चांदीची श्त्यावनित्सा, तांब्याची बिस्त्रित्सा' अशी म्हण आहे, आणि तिन्ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत. चौकातल्या जुन्या घरात भरवलेले नाणी-पदकांचे संग्रहालय १८९० पासूनचे आहे. तेथे ठसे आणि हातोडे पाहत मी दोन तास घालवले. खालचा ठसा लाकडी ओंडक्यात रोवलेला, वरचा हातात धरायचा, मध्ये कात्रीने कापलेली पातळ चकती ठेवायची आणि हातोडा मारायचा. चकती नेमकी मधोमध बसली तर ठीक. जरा सरकली की एका कडेची अक्षरे नाण्याबाहेर जात. फर्डिनांडच्या देनारवर वर्ष याच कडेच्या ओळीत, नावाच्या शेवटी असते, त्यामुळे शंभर नाणी चाळली तरी चारही आकडे स्वच्छ असलेली थोडीच हाती लागतात. हे कारण मला पुस्तकातून माहीत होते, पण ठशाच्या वर्तुळापेक्षा ती चकती किती लहान आणि वाकडीतिकडी असे, हे तेथे डोळ्यांनी पाहिले.

चौकात कॉफी घेतली, तेव्हा सुट्ट्या पैशांत स्लोव्हाकियाचा एक युरो आला. त्यावर तीन टेकड्यांवर उभा असलेला दुहेरी आडव्या दांड्यांचा क्रूस आहे. खिशातल्या डबीत फर्डिनांडचा १५५१ चा देनार होता. त्याच्या ढालीच्या चार घरांपैकी एका घरात तोच दुहेरी क्रूस आहे. दोन्ही नाणी याच गावात पडलेली. मी ती शेजारी शेजारी ठेवून इतका वेळ पाहत बसलो की कॉफी गार झाली.

त्या १५५१ च्या देनारची कथा माझ्या अज्ञानाची आहे. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी तो १५३१ समजून घेतला होता, आणि घरी भिंगाखाली पाहिल्यावर तिनाचा पाच झाला. झिजलेल्या नाण्यांवर हे दोन आकडे फार फसवतात. तेव्हापासून मी आकडा वाचण्याआधी राजाचे नाव वाचतो. कडेला 'मॅक्स' दिसले आणि वर्षाचा शेवटचा आकडा आठ असला, तर दशकाचा आकडा पार पुसलेला असला तरी ते नाणे १५६८ चेच असणार, कारण मॅक्सिमिलियनच्या १५६४ ते १५७६ या कारकिर्दीत आठावर संपणारे दुसरे वर्ष नाही. फर्डिनांडच्या अडतीस वर्षांत मात्र असा सोपा मार्ग नाही.

परतीच्या आदल्या दिवशी व्हिएन्नातील एका छोट्या दुकानात देनारांनी भरलेली लाकडी पेटी पुढे आली. वृद्ध मालकाने मला शिवाजी महाराजांच्या नाण्यांविषयी विचारले. मी फोनवरची छायाचित्रे दाखवली, कारण शंभर वर्षांवरील नाणी भारताबाहेर नेण्यास कायद्याने बंदी आहे. मग पाऊण तास मी एकेक देनार दिव्याखाली तिरका धरून पाहिला. १५३९, १५४६, १५५४, पुन्हा १५४६. अखेर एकावर पंधरा आणि चार स्पष्ट दिसले आणि त्यापुढे, नाण्याच्या अगदी कडेवर, एक उभी रेघ.

भाच्याने भिंग घेतले. "मामा, हा एकच आहे कशावरून? साताचा किंवा चाराचा पाय पण असू शकतो."

रेघेच्या डोक्याशी आडवे काही दिसत नव्हते, पण तेथे धातूच संपत होता. मालकाला विचारले, तर त्याने खांदे उडवून बावीस युरो एवढेच सांगितले. मी पैसे दिले, पावती घेतली आणि रात्री नाणे छोट्या पाकिटात घालून त्यावर १५४१ असे लिहिले, पेन्सिलीने.