तुम्ही विचारलंत म्हणून: दुनिया संपायचं गणित

इंदुरात 'सानंद' या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात कुणी ना कुणी गाठतंच. "सर, तुम्ही संख्याशास्त्र शिकवायचात ना? मग ते दुनिया संपायचं गणित खरं का?" चहा संपतो, तिसरी घंटा होते आणि उत्तर अर्धवट राहतं.

मूळ कल्पना ब्रँडन कार्टर या भौतिकशास्त्रज्ञाची, पुढे जॉन लेस्ली या तत्त्वज्ञानं ती वाढवली. आजवर अंदाजे १०,००० कोटी माणसं जन्मली असं धरा. सगळी मिळून शेवटी २०,००० कोटी होणार, की त्याच्या हजारपट? तुम्ही त्या सगळ्यांतून चिठ्ठी काढून निवडलेले असाल, तर इतका सुरुवातीचा नंबर लागणं लहान आकड्यात हजारपट शक्य. म्हणजे शेवट जवळ. चिठ्ठीच्या या गृहीतकाला सेल्फ-सॅम्पलिंग म्हणतात.

दुसरा पक्ष सेल्फ-इंडिकेशनवाल्यांचा. ते म्हणतात, थांबा. माणसं हजारपट असतील तर मुळात तुम्ही जन्माला येण्याची शक्यताही हजारपट. दोन्ही हजार एकमेकांना खाऊन टाकतात, आणि तुमच्या जन्मावरून भविष्य काही कळत नाही.

माझं पहिल्या पक्षाशी भांडण एकाच गोष्टीवरून: चिठ्ठ्या कुणाकुणाच्या टाकायच्या? निअँडरथल ही नामशेष झालेली मानवजात धरायची का? उद्या विचार करणारी यंत्रं आली तर ती? पुण्यात मला इंदूरवाल्यांत मोजतात आणि इंदुरात मराठी मंडळींत. मी तोच, पण गट बदलला की या पद्धतीत भाकीत बदलतं.

खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड गॉटनं १९९३ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत असंच एक सूत्र दिलं: एखादी गोष्ट जितकी वर्षं टिकली, त्याच्या एकोणचाळिसाव्या भागाहून जास्त आणि एकोणचाळीसपटीहून कमी ती पुढे टिकेल, ९५ टक्के खात्रीनं. होळकरांपासून इंदूरच्या मराठीची तीनशे वर्षं धरली, तर ती पावणेआठ ते ११,७०० वर्षं टिकणार! (लोकांना खरं तर हेच विचारायचं असतं, दुनियेचं निमित्त.) नातवंडं घरात काय बोलतात याचा या सूत्रात पत्ताच नाही.

मी दुसऱ्या, म्हणजे सेल्फ-इंडिकेशनच्या बाजूला झुकतो, कारण तिथे गट कसाही पाडला तरी उत्तर सहसा तेच येतं. पण हा पक्षही स्वस्तात मिळत नाही. निक बॉस्ट्रम या तत्त्वज्ञानं त्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. समजा, विश्वाचे दोन सिद्धांत आहेत आणि एकात दुसऱ्याच्या अब्जावधीपट निरीक्षक. सेल्फ-इंडिकेशन मानणारा तत्त्वज्ञ शास्त्रज्ञांना सांगणार, प्रयोग कशाला करता, जास्त गर्दीचा सिद्धांतच खरा. घरबसल्या! हा आगाऊपणा मलाही खुपतो. तरी तो मी पत्करतो, कारण प्रयोगाचा पुरावा पुरेसा भक्कम निघाला तर त्या तत्त्वज्ञालाही माघार घ्यावी लागते. चिठ्ठ्या कुणाच्या टाकायच्या, हे मात्र कुठल्याच प्रयोगानं ठरत नाही.