माझं गळकं विंडचीटर

पहिलं विंडचीटर मी रंग बघून घेतलं होतं, हे आधीच कबूल करून टाकते. गडद निळं, पाठीवर चमकती पट्टी, आतून पातळ जाळीचं अस्तर आणि टॅगवर ठळक अक्षरांत '१०० टक्के विंडप्रूफ'. डोंगरात पळायला जायचं म्हणजे वारा झोंबणार, तेव्हा जे वाऱ्याला मुळीच आत सोडत नाही ते सगळ्यात चांगलं, असं सरळ गणित डोक्यात होतं. ते गणित कुठे चुकलं हे कळायला दोन हिवाळे गेले.

पहाटे अंधारात निघायचं, तासभर चढायचं, धारेवरून पळायचं आणि ऊन वर आल्यावर उतरायचं, असा माझा थंडीतला शिरस्ता. निळं जॅकेट घालून पहिल्यांदा गेले तेव्हा पायथ्याशी फार खूश होते. वारा अंगावर आपटत होता आणि आत काहीच जाणवत नव्हतं. अर्ध्या चढावर पाठ ओली झाली. धारेवर पोचले तेव्हा आभाळ स्वच्छ, पावसाचा थेंब नाही, आणि माझा टी-शर्ट मात्र पिळून काढावा असा. पाणी प्यायला पाच मिनिटं थांबले आणि हुडहुडी भरली. जॅकेट गळ्यापर्यंत बंद, वारा शून्य, तरी दात वाजताहेत.

त्या दिवशी धाकटा भाऊ बरोबर होता. तो मुळात सायकलवाला, पण अधूनमधून माझ्याबरोबर पायी येतो. त्याने जॅकेटच्या आत हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"ताई, तू प्लॅस्टिकची पिशवी घालून पळतेयस."

"वारा तर अडवतंय ना?"

"वारा आत येत नाही, म्हणजे वाफही बाहेर जात नाही. दार एकच असतं."

मला तेव्हा राग आला होता. घरी येऊन आकडेमोड केली तेव्हा पटलं. एक लिटर घाम वाळायला साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. टी-शर्टात समजा १०० ग्रॅमच घाम अडकून राहिला, तर तो वाळवायला २४० किलोज्यूल हवेत. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला १०० ज्यूलच्या आसपास उष्णता तयार करतं. म्हणजे तेवढासा घाम वाळवण्यात शरीराची ४० मिनिटांची कमाई जाते. चढताना हेच शरीर त्याच्या कितीतरी पट भट्टी पेटवत असतं, म्हणून ओलं असूनही कळत नाही. थांबलं की भट्टी विझते, ओल तशीच राहते. शिवाय पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट चांगलं उष्णतावाहक. अंगाला चिकटलेला ओला कपडा गुपचूप ऊब चोरत असतो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. जॅकेट नकोच, नुसतं फ्लीस घालून निघाले. चढ मस्त गेला, पाठ जवळजवळ कोरडी. पण धारेवर पाऊल ठेवलं आणि फ्लीस अंगावर आहे की नाही, असा प्रश्न पडला. फ्लीसची ऊब त्याच्या लोकरीसारख्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेत असते. वारा आला की ती गरम हवा बाहेर ढकलली जाते आणि तिच्या जागी थंड हवा येऊन बसते. जाड फ्लीस घेऊन फार फरक पडत नाही. त्यावर कागदासारखा पातळ, दाट विणीचा एक थर चढवला तर तेच फ्लीस एकदम गरम वाटायला लागतं. स्वतः करून पाहीपर्यंत माझा यावर विश्वास नव्हता.

वाऱ्याने थंडी किती वाढते याचं मोजमाप पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन संशोधकांनी अंटार्क्टिकात केलं होतं. प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात किती वेळात गोठतं हे पाहिलं, आणि ते काम १९४५ साली प्रसिद्ध झालं. अमेरिका आणि कॅनडा आज जे सूत्र वापरतात ते २००१ चं. त्यानुसार हवा ५ अंश सेल्सिअस आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर ० अंशाइतकी थंडी वाजते. वारा ४० वर गेला तर उणे १. गंमत बघा, पुढच्या १० किलोमीटरनी एकाच अंशाचा फरक पडला. वाऱ्याचा पहिला झटकाच जास्त महाग असतो, नंतर तो स्वस्त होत जातो. आणखी एक, हे सूत्र उघड्या चेहऱ्यासाठी आहे. जॅकेटच्या आत तुम्हाला काय वाटेल, हे ते सांगत नाही. तरी मला त्याचा उपयोग झाला, कारण वारा सगळा अडवायची गरज नाही ही शंका पहिल्यांदा तिथेच आली. निम्मा-पाऊण वेग मोडला तरी बरंच काम होतं का?

इथून खरा शोध सुरू झाला. कापडातून किती हवा जाते यासाठी एक माप असतं, सीएफएम. ठरावीक दाबाखाली, बहुधा १२५ पास्कल, एक चौरस फूट कापडातून मिनिटाला किती घनफूट हवा आरपार जाते तो आकडा. आत पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, चिकटवलेली जॅकेटं शून्याच्या आसपास असतात. माझं निळं त्याच जातीचं. साधं फ्लीस सहज १००च्या पुढे जातं. या दोन टोकांच्या मध्ये, पाच-दहापासून काही दशकांपर्यंत, साध्या दाट विणीच्या हलक्या विंडचीटरांचा मोठा पट्टा आहे. पळणाऱ्याला, चढणाऱ्याला हव्या त्या गोष्टी बहुतेक याच पट्ट्यात सापडतात.

वैताग असा की हा आकडा टॅगवर जवळजवळ कधीच नसतो. वजन असतं, खिसे किती ते असतं, 'ब्रीदेबल' हा शब्द तर असतोच असतो. या शब्दावर माझा आता विश्वास उरलेला नाही. मेम्ब्रेनवालेही तो लिहितात, आणि त्यांच्या परीने खोटं बोलत नाहीत. वाफेचे रेणू मेम्ब्रेनमधून जातात खरे, पण चढावर मी जितकी वाफ तयार करते तितक्या वेगाने नाही. हवाच खेळती असेल तर वाफ हवेबरोबर निघून जाते. दोन्हींना एकच शब्द वापरल्यामुळे माझ्यासारखी माणसं फसतात.

टॅगवर डेनियर मात्र सापडतं. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. १० डेनियर म्हणजे नऊ किलोमीटर धागा आणि वजन १० ग्रॅम! असं कापड हातात घेतलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखं वाटतं. मी आधी समजत होते की डेनियर कमी म्हणजे वारा जास्त गळणार. तसं नाही. पातळ धाग्याचं कापड फार दाट विणता येतं, आणि वर गरम रुळांखाली दाबून काढलं तर धागे चपटे होऊन उरलेली भोकंही बुजतात. कापडाची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त चमकत असेल तर बहुधा असं दाबकाम झालेलं असतं. म्हणून डेनियरवरून टिकाऊपणाचा अंदाज घ्यावा, वाऱ्याचा नाही. मी १० डेनियरला घाबरले, कारण माझ्या वाटेवर काटेरी झुडपं आहेत आणि सॅकचे पट्टे खांद्यावर सतत घासतात. २० च्या आसपासचं, चौकटीचौकटीत जाड धागे विणलेलं रिपस्टॉप नायलॉन मला झेपेल असं वाटलं.

नुसत्या विणीने वारा अडवायची युक्ती जुनी आहे. टॉमस बर्बेरीचं गॅबर्डीन हे दाट विणीचं कापड १८७९ चं, आणि १९२४ साली गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी एव्हरेस्टवर गेला तेव्हा त्याच्या अंगावर गॅबर्डीनचं जॅकेट होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांसाठी मँचेस्टरमध्ये व्हेंटाइल हे दाट विणीचं सुती कापड तयार झालं. ते भिजलं की धागे फुगतात आणि वीण आणखी आवळते.

आकडा मिळत नाही म्हटल्यावर भावाने उपाय सांगितला. कापड ओठांना घट्ट लावायचं आणि फुंकायचं, मग उलट श्वास ओढायचा. मेम्ब्रेन असेल तर गाल फुगतात, हवा जात नाही. फ्लीसमधून फुंकर सरळ पलीकडे. आपल्याला हवं ते मधलं, जोर लावला तर हवा जाते पण कुरकुरत जाते. दुकानात चारचौघांत हे करताना फार ओशाळल्यासारखं होतं. विक्रेत्याने मला दोनदा विचारलं, "मॅडम, काही त्रास होतोय का?" म्हणून मग मी उलटं केलं. ओळखीतल्या तिघांची विंडचीटरं आठवड्यासाठी मागून आणली, धुवून देण्याच्या बोलीवर. घरी रांगेने मांडली, फुंकून क्रम लावला आणि एकेक घालून तोच चढ चढले. टी-शर्ट आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवला. दर दिवशी हवा वेगळी, माझी चाल वेगळी, त्यामुळे याला प्रयोग म्हणणं धाडसाचं होईल. पण निळ्यातला टी-शर्ट सगळ्यात जड निघाला आणि सगळ्यात गळक्यातला सगळ्यात हलका, हे फुंकरीच्या क्रमाशी नेमकं जुळलं. सगळ्यात गळक्यात धारेवर मात्र दंड गार पडत होते. मला त्याच्या अलीकडचं आवडलं.

भावाची निवड वेगळी निघाली आणि त्यावरून आमचं बरंच भांडण झालं. तो उतारावर ताशी ४० किलोमीटरने येतो. बाहेर पान हलत नसलं तरी त्याचा वारा तो स्वतःच तयार करतो, आणि तो नेहमी समोरूनच येतो. त्याला छातीशी पक्कं अडवणारं आणि पाठीला जाळी असलेलं बिनबाह्यांचं जॅकेट लागतं. माझा वारा कुठूनही येतो. पाठीमागून माझ्याच वेगाने आला तर मला तो जाणवतच नाही आणि मी आतल्या आत शिजते. तेव्हा "चांगलं विंडचीटर कुठलं" असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारते, तुझा वेग किती, आणि थांबतेस किती वेळा?

कापड ठरल्यावर बाकीचं भराभर उरकलं, पण दोन गोष्टींवर अडले. पहिली चेन. अर्ध्या चेनचं थोडं हलकं असतं, पण चढावर मला पुढून पूर्ण उघडायचं असतं, डोक्यातून काढत बसायचं नसतं. दुसरी, जॅकेटला जोडलेली टोपी. तिच्या कडेला इलॅस्टिक हवं आणि मान वळवली की टोपीही वळायला हवी, नाहीतर ती कानाशी तासभर फडफडते आणि एक डोळा झाकते. घेण्याआधी टोपी घालून डावी-उजवीकडे बघावं, हात वर करून कंबर उघडी पडते का तेही बघावं. बाह्या कोपरापर्यंत सरकवता आल्या तर फार सोय होते, मनगटं उघडी केली की पाच मिनिटांत अंग निवतं. खिसा एक पुरे, त्याच खिशात अख्खं जॅकेट कोंबता यावं.

पाण्याबद्दल मी अपेक्षाच ठेवली नाही. अशा कापडावर पाणी घसरवणारा लेप असतो, भुरभुर त्यावर मोत्यासारखी थांबते, सर आली की भिजायचं. पूर्वी हे लेप फ्लोरिनयुक्त रसायनांचे असत. ती रसायनं निसर्गात विघटन न होता वर्षानुवर्षं राहतात, म्हणून आता फ्लोरिनविरहित लेप वाढताहेत. ते तेलकट डागांपुढे कमी टिकतात. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालायचा नाही, त्याने लेप मरतो. आणि लेबलवर परवानगी असेल तर मंद उष्णतेने तो थोडा जागा होतो. हे मला उशिरा कळलं, एक उसनं जॅकेट सॉफ्टनरमध्ये बुडवून परत केल्यावर. त्या मैत्रिणीला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी जे घेतलं ते काट्यावर ११८ ग्रॅम भरलं. रंग भडक नारिंगी, मला न आवडणारा, पण धुक्यात दिसतो. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की मी ते काढतच नाहीये. निळं सारखं घाल-काढ करावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी थांबून सॅक उतरवायचा कंटाळा यायचा म्हणून मी ते चुकीच्या वेळी घालून चढायचे. नारिंगी पायथ्यापासून अंगावर असतं. चढावर चेन उघडी, बाह्या वर, धारेवर आले की चेन गळ्यापर्यंत. जोराची झुळूक आली की छातीशी किंचित गार लागतं, तेवढंच.

निळं टाकून दिलेलं नाही. थांबायचं असेल, कुणाची वाट बघत कड्यावर बसायचं असेल, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त कोरडा टी-शर्ट बदलून मग ते चढवायचं. ते सॅकच्या तळाशी असतं. गेल्या थंडीत भाऊ नुसत्या फ्लीसवर वर आला आणि धारेवर काकडायला लागला.

"ताई, नारिंगी दे ना जरा."

मी त्याला निळं काढून दिलं. त्याने ते घातलं, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि पंधरा मिनिटं गप्प बसून राहिला. निघायची वेळ झाली तेव्हा काढायला तयार होईना.

"प्लॅस्टिकची पिशवी आहे ती," मी म्हटलं.

"बसायला बरी आहे," तो म्हणाला.