बकऱ्याच्या नरड्यासाठी दीड महिना: मायक्रोलॅरिंजियल सर्जरीची प्रॅक्टिस, माझा अनुभव

ईएनटीत पीजी करतेय, सेकंड इयर. मायक्रोस्कोपमधून बघत स्वरतंतूवर करायची ही सर्जरी आधी लॅबमध्ये हात बसवून मगच पेशंटवर करायची हे सगळ्यांना मान्य आहे, पण त्यासाठी लागणारं बकऱ्याचं नरडं कॉलेजच्या गेटमधून आत आणायला मला दीड महिना लागला, आणि तो राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितेय.

मायक्रोस्कोप, 400 एमएमची लेन्स, जुना लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र दिसावं म्हणून घशात घालायची नळी), टेबल, हे सगळं चार दिवसांत जमलं. अडलं ते अर्जावर. क्लार्क काका म्हणाले, "मॅडम, प्राणी आहे ना, मग अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची परवानगी आणा." म्हटलं काका, जिवंत प्राणी नाहीये, खाटकाकडे रोज कापतात त्यातलंच आणायचंय. "तसं लेखी आणा." कमिटीच्या ऑफिसात गेले तर ते म्हणाले आमच्याकडे जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांचे प्रस्ताव येतात, हे आमच्यात बसतच नाही. बरोबरच होतं त्यांचं, पण "बसत नाही" एवढं कागदावर द्यायला कोणी तयार नाही. मग या मजल्यावरून त्या मजल्यावर, मध्ये माझ्या इमर्जन्सी ड्युट्या, एकदा साहेब रजेवर, एकदा अर्जावर इनवर्ड नंबरच (आवक नोंदीचा) पडला नव्हता म्हणून परत पहिल्यापासून. पाचव्या आठवड्यात कळलं की खरी भीती वेगळीच होती: नंतर त्या मांसाचं काय करणार, वास सुटला, कुत्र्यांनी ओढून नेलं तर जबाबदार कोण? अहो, हे पहिल्याच दिवशी विचारायचं ना! 2016 च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांप्रमाणे प्राण्यांचे अवयव पिवळ्या पिशवीत जातात आणि ती पिशवी आमच्याकडून रोज उचलली जाते. ही एक ओळ घातली, एचओडींची सही घेतली, आणि तिसऱ्या दिवशी परवानगी हातात.

तेव्हा अर्जात "प्राणी" लिहू नका, "मटणाच्या दुकानातून विकत आणलेले बकऱ्याचे स्वरयंत्र" असं लिहा, पिवळ्या पिशवीची ओळ घाला, आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

प्रॅक्टिसचं सांगायचं तर पहिल्या दिवशी वीतभर लांब फोर्सेप्सचं, म्हणजे चिमट्याचं, टोक मायक्रोस्कोपखाली नुसतं नाचत होतं. सरांनी कोपराखाली चादरीची गुंडाळी सरकवली आणि टोक थांबलं, इतकं साधं आहे ते. बारीक सुईनं स्वरतंतूच्या अस्तराखाली सलाइन सोडलं की ते मोत्यासारखं फुगून वर येतं, तिथे सिकल नाइफनं (विळ्यासारख्या बारीक सुरीनं) चीर द्यायची आणि फ्लॅप, म्हणजे अस्तराचा पापुद्रा, अलगद उचलायचा. खालच्या लिगामेंटला (स्वरतंतूच्या आतल्या चिवट पट्टीला) अजिबात धक्का लावायचा नाही, कारण माणसात तिथे व्रण धरला की आवाज कायमचा बिघडू शकतो. माझी पहिली सहा नरडी फाटली. सातव्यात अख्खा फ्लॅप उचलला गेला, कुठे भोक नाही, रात्रीचे साडेअकरा वाजले होते, लॅबमध्ये मी एकटीच, आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं.

हे आधी सांगायला हवं होतं, नरडं आणायला रविवारी जाऊ नका, मटणवाल्याला बोलायलाही फुरसत नसते. आदल्या दिवशी सांगून ठेवा. कधी कधी सुरीचा वार नेमका स्वरयंत्रावरूनच गेलेला असतो, म्हणून चार लागणार असतील तर सहा सांगा. सलाइनच्या ओल्या गॉजमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वापरून टाका, शिळं झालं की अस्तर आपोआप सुटतं आणि आपल्याला वाटतं हात छान बसला.

मागच्या महिन्यात स्वरतंतूवरच्या पॉलिपच्या (मऊ गाठीच्या) केसला सरांनी फोर्सेप्स माझ्या हातात दिले. पेशंट शाळेतल्या बाई होत्या, दिवसभर वर्गात बोलणाऱ्या. मी आधी कोपराखाली चादर ठेवून घेतली, मगच हात आत घातला. परवा फॉलोअपला आल्या तेव्हा दारातूनच त्यांनी मला हाक मारली.

मंजूर झालेल्या अर्जाची झेरॉक्स डिपार्टमेंटच्या कपाटात निळ्या फाईलमध्ये ठेवलीये, ज्युनियर्सनी तारीख बदलून तीच वापरा.